उचलून नेता येणारी कार सीट घ्यावी की कन्व्हर्टिबल? आणि हॉस्पिटलमधून घरी येताना बाळ मांडीवर घेतलं तर चालेल का?

पुढच्या महिन्यात बाळ येतंय, तर उचलून नेता येणारी बाळाची सीट घ्यायची की कन्व्हर्टिबल (म्हणजे आधी मागे आणि मूल मोठं झाल्यावर पुढे तोंड करून वापरता येणारी), हा तुमचा मुख्य प्रश्न. पण शेवटी तुम्ही हळूच विचारलंय की घरचे म्हणतात "एवढंसं तर अंतर आहे, पहिल्या दिवशी मांडीवर घेऊ", ते चालेल का. मी त्यासाठीच लिहायला बसले. नाही, चालणार नाही. आणि यावरून आमच्याकडे अजूनही बोलणी होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझ्या धाकट्या बहिणीचं सिझेरियन झालं होतं. मुलगी झाली. घरी सोडायच्या आदल्या रात्री तिच्या मोठ्या दिरांनी (आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो) गाडीत कन्व्हर्टिबल सीट बसवून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी गाडी दाराशी लागली, तिच्या सासूबाई बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून तयार. मी बाळ ठेवण्याआधी सीटला सहज हात लावला तर ती अख्खी डावीउजवीकडे हलली.

वाकून पाहिलं. सीटचं तोंड मागे केलेलं होतं, ते बरोबर. पण गाडीचा बेल्ट ओवला होता पुढे तोंड करायच्या वाटेतून. कन्व्हर्टिबलला बेल्ट ओवायच्या दोन वेगळ्या वाटा असतात. बहुतेक सीटवर त्यांना रंगीत खूण असते, मागे तोंड असेल तर निळी, पुढे असेल तर लाल. बेल्ट लाल वाटेत होता. लांबून पाहणाऱ्याला सीट बांधलेली दिसते, पण धक्का बसला की ती सीट जागेवर राहत नाही. मी बेल्ट सोडला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

बेल्ट निळ्या वाटेतून घेतला, हाताने सीट दाबून धरून सगळं वजन टाकलं आणि ढिलाई निघेपर्यंत बेल्ट ओढला. मग जिथून बेल्ट जातो तिथेच सीट धरून हलवून पाहिली. तिथे अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. (वरचं टोक धरून हलवाल तर थोडं हलणारच, मागे तोंड असलेल्या सीटचं ते चालतं.) तोवर दादांनी दोनदा हॉर्न वाजवला होता.

मग खांद्याचे पट्टे. ते वरच्या खाचेतून येत होते, म्हणजे बाळाच्या कानांच्या पातळीवर. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या बरोबरीने किंवा थोडे खालून यायला हवेत. समोरून धडक बसली की बाळ सीटच्या पाठीवरून डोक्याच्या दिशेने वर सरकतं, आणि पट्टे वरून येत असतील तर त्याला धरून ठेवायला तिथे काहीच नसतं. म्हणून सीटमागच्या लोखंडी पट्टीतून पट्टे सोडवून सगळ्यात खालच्या खाचेतून ओवले.

यानंतर दुपटं. सासूबाई सोडायला तयार नव्हत्या, "गारठेल ती" म्हणत होत्या. पण बक्कल दोन पायांच्या मधून वर येतं. गुंडाळलेल्या बाळाचे पाय वेगळे करायचे कुठून? आणि पट्ट्याखाली जाड कापड राहिलं तर आत्ता घट्ट वाटतं, धडकेत कापड दबतं आणि पट्टा ढिला पडतो. दुपटं काढलं, पट्टे लावले, गळ्याच्या हाडापाशी चिमटीत पट्ट्याची घडी येत नाही ना ते पाहिलं, आणि मग तेच दुपटं वरून पांघरलं. बाळ गारठलं नाही.

तरीही हनुवटी छातीवर टेकत होती. हे नवजात बाळाच्या बाबतीत फार महत्त्वाचं. मान सावरता येत नाही आणि श्वासाची वाट अरुंद, त्यामुळे डोकं पुढे पडलं तर श्वास अडू शकतो. गाडीची बैठक मागच्या बाजूला उतरती होती, म्हणून सीट जास्त ताठ बसत होती. मॅन्युअल उघडून पाहिलं, त्यात परवानगी होती, म्हणून बैठक आणि पाठ मिळतात त्या खाचेत टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि बेल्ट परत ओढला. सीट किती कलली ते दाखवणारी कडेची रेघ जमिनीला समांतर आली, डोकं मागे टेकलं.

एवढं होईपर्यंत सासूबाई दोनदा म्हणाल्या, "आण इकडे, मी घेते मांडीवर, माझ्या हातून सुटणार आहे का?" प्रेमात मुळीच खोट नव्हती. पण गणित बघा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी एक दशांश सेकंदात थांबली तर आतल्या प्रत्येकावर त्याच्या वजनाच्या सरासरी १४ पट जोर येतो. ३ किलोचं बाळ तेवढ्या वेळापुरतं ४० किलोहून जड होतं, तेही आधी कल्पना न देता. कुठल्याच आजीचे, कुठल्याच पैलवानाचे हात ते धरू शकत नाहीत. दोघांना मिळून एकच बेल्ट लावला तर आणखी वाईट, कारण मोठ्या माणसाचं सगळं वजन बाळाला बेल्टवर चेपतं. "मी हळू चालवतो" हे दादांचं म्हणणं खरं आहे, ते हळूच चालवतात. समोरून येणारा कसा चालवतो ते त्यांच्या हातात नाही.

बहीण व्हीलचेअरवर बसून एवढंच म्हणाली, "ताईला करू द्या." आम्ही निघालो.

तेव्हापासून चार माणसं जमली की दादा सांगतात, "हिने ओल्या बाळंतिणीला दारात ताटकळत ठेवलं." ठेवलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा ठेवीन. तो वेळ सीट बसवण्यात कमी आणि चुकीची बसवलेली सीट उसवण्यात जास्त गेला. म्हणून तुम्हाला सांगते, हे काम बाळंतपणाच्या दोनतीन आठवडे आधी करा, घरातली बाहुली घालून पट्टे लावून पाहा, आणि ज्याने मॅन्युअल वाचलंय त्यानेच सीट बसवावी. वयाने मोठा कोण, गाडी कोणाची, याचा इथे संबंध नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. उचलून नेता येणाऱ्या सीटचा फायदा असा की ती लहान बाळाच्याच मापाची असते, त्यामुळे पहिल्या महिन्यांत अंगाबरोबर बसते, आणि बेस (गाडीत बसवलेला तिचा खालचा भाग) गाडीतच ठेवून झोपलेलं बाळ न उठवता बाहेर काढता येतं. तोटा, बाळ तिच्यातून लवकर बाहेर येतं (बहुधा वजनाआधी उंचीमुळे) आणि मग दुसरी सीट घ्यावीच लागते. कन्व्हर्टिबल एकदाच घ्यायची, पण ती जन्मापासून चालते असं लिहिलेलं असलं तरी सगळ्यात खालची खाच तुमच्या बाळाच्या खांद्याखाली येते का ते पाहा. दोन्ही चांगल्या. रोज गाडीत चढउतार असेल तर मी पहिली घेईन, नाहीतर दुसरी. पण कुठलीही घ्याल ती आधी तुमच्या गाडीत ठेवून बघा, मागे तोंड करून. मोठी कन्व्हर्टिबल लहान गाडीत ठेवली तर पुढच्या माणसाला पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि मग तो माणूस पहिल्या संधीला सीट फिरवायच्या मागे लागतो.

आमच्याकडे तेच झालं. भाची ९ किलोंची झाली आणि दादा म्हणाले, आता पुढे तोंड करा, पाय दुमडतात, बाहेरचं दिसत नाही. ९ किलोंचा आकडा त्यांनी हवेतून आणला नव्हता. युरोपच्या जुन्या आर४४ नियमात तेवढ्यावर पुढे तोंड चालायचं. पण २०१३ साली आलेल्या नव्या आर१२९ नियमात किमान १५ महिने मागे तोंड सक्तीचं केलं, आणि अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये वयाची अटच काढून टाकून सांगितलं की सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागेच तोंड ठेवा. स्वीडनमध्ये तर मुलं चार वर्षांची होईपर्यंत अशी बसतात. मागे तोंड करायची कल्पनाही तिथलीच, १९६० च्या दशकात बर्टिल आल्डमन यांनी जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून ती घेतली. समोरच्या धडकेत डोकं, मान, पाठ एकदम सीटच्या पाठीवर दाबली जातात. पुढे तोंड असेल तर धड पट्ट्याने अडतं आणि जड डोकं कोवळ्या मानेवर एकटं पुढे फेकलं जातं. पाय दुमडतात ते मुलाला बोचत नाहीत, मांडी घालून ते एरवीही बसतंच.

काही गोष्टी राहिल्या. वर मी बेल्टने बसवलेल्या सीटचं सांगितलं. तुमच्या गाडीत आयसोफिक्स (बेल्टऐवजी सीट थेट गाडीला अडकवायची सोय) असेल तर ते वापरा, चूक व्हायची शक्यता कमी होते. पण बेल्ट आणि आयसोफिक्स दोन्ही एकदम लावू नका, मॅन्युअलने सांगितल्याशिवाय. टॉवेलचंही तसंच, काही सीटना तो चालत नाही. चालू एअरबॅगसमोर मागे तोंडाची सीट ठेवायची नाही हे तुम्हाला माहीत असेलच. वापरलेली सीट कुणी देत असेल तर तिचा अपघात झालेला नाही हे तुम्हाला स्वतःला ठाऊक असेल आणि तिच्यावरची मुदत संपलेली नसेल तरच घ्या. घरी पोचल्यावर झोपलेलं बाळ सीटमध्येच राहू देऊ नका, सपाट जागी ठेवा, आणि लांबच्या प्रवासात मधे मधे थांबून बाहेर काढा. बाळ दिवस भरण्याआधी आलं किंवा वजनाने फारच कमी असलं तर घरी सोडण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. अशी बाळं सीटमध्ये बसवून त्यांचा श्वास आणि ऑक्सिजन तपासता येतो, आणि कधीकधी झोपवून न्यायची वेगळी सोय करावी लागते.