मी बाळंत झाले की नुसतं ऑपरेशन?

ताई, माझं बाळ पाच आठवड्यांचं आहे. सोळा तास कळा दिल्यावर बाळाचे ठोके उतरू लागले म्हणून सिझर केलं. मला आई नाही, त्यामुळे बाळंतपण सासरीच. सासूबाई मेथीची पेज वेळेवर देतात, पण आल्यागेल्याला सांगतात, "हिला कळा सोसवल्या नाहीत, पोट कापून घेतलं." पाठ सारखी दुखते. पाठीत इंजेक्शन दिलं की ती जन्मभर दुखते म्हणे. गणपतीची चवथ दोन आठवड्यांवर आली, नेवऱ्या (करंज्या) करायला बस म्हणतात. मी रोज तिन्हीसांजेला रडते. बाळाकडे बघून काही वाटत नाही. मी खरंच बाळंत झाले का?
– एक वाचक, सत्तरी

बाय,

"बाळाकडे बघून काही वाटत नाही" हे तू नेवऱ्यांच्या आणि पाठीच्या मागे लपवून लिहिलंयस. मी तिथूनच सुरुवात करते.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, ते बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. तुझे पाच झाले. हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधं डॉक्टर देतात. तू वाईट आई आहेस असा त्याचा अर्थ नाही. टाके दाखवायची तारीख येईपर्यंत थांबू नकोस, या आठवड्यातच डॉक्टरांना हे वाक्य जसंच्या तसं सांग. तोंडाने सांगवत नसेल तर मला लिहिलंस तो कागदच पुढे कर. त्यांनी बांबोळीला मानसोपचार विभागात पाठवलं, तर "तिथे कोण जातं" म्हणून मागे फिरू नकोस. घरातून बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा फोन फुकट आहे, रात्रीही लागतो. आणि स्वतःचं किंवा बाळाचं काही बरंवाईट करावं असा विचार आला, तर मध्यरात्र असली तरी नवऱ्याला उठवायचं आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं.

आता सासूबाई. तू सोळा तास कळाही दिल्यास आणि वर ऑपरेशनही झालं. त्यात कातडी, चरबी, पोटाच्या स्नायूंवरचं जाड आवरण, आतला पडदा आणि मग गर्भाशय, एवढं सगळं कापून पुन्हा शिवतात. वरचा व्रण सहा आठवड्यांत बरा दिसतो, आतलं भरून यायला महिने लागतात. तुझ्या सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं असतं तर घरातल्यांनी त्यांना पाण्याचा तांब्याही उचलू दिला नसता. तू रात्री चार-चार वेळा उठून बाळ उचलतेस.

दगड मारण्याचा मला तसा अधिकार नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं सिझर झालं तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "सुटलीस गे, कळा नाहीत काही नाहीत." माझी दोन्ही नॉर्मल, त्याचा तोरा. ती खोकताना पोटाशी उशी दाबून धरायची, ते बघूनही मला कळलं नव्हतं. नंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

तुला नॉर्मल हवं होतं, झालं नाही, त्याचं वाईट वाटणारच. "बाळ धडधाकट आहे ना, मग झालं" म्हणून कोणी ते उडवून लावलं तरी ते जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) गोव्यातल्या शंभरातली जवळजवळ ४० बाळंतपणं सिझरची निघाली. ती सगळीच गरजेची होती असं मी म्हणणार नाही. पण ठोके उतरल्यावर थांबणं म्हणजे बाळाचा जीव टांगणीला लावणं. तुझ्या फायलीत कारण काय लिहिलंय ते डॉक्टरांकडून समजून घे. पुढच्या खेपेला नॉर्मल होऊ शकेल का, हेही त्याच वेळी विचार. अनेकींचं होतं.

पाठीच्या इंजेक्शनचं म्हणशील तर सुई टोचली तिथे काही दिवस दुखतं, जन्मभर नाही. पाठ दुखते ती पोटाचे स्नायू सैल पडल्याने आणि वाकून पाजल्याने. भिंतीला टेकून बस, मांडीवर उशी घे, बाळाला छातीपर्यंत वर आण. कुशीवर निजून पाजलंस तरी टाक्यांवर भार येत नाही. आणि एक, परकर नेसत असशील तर त्याची नाडी नेमकी टाक्यांवर येते. या पावसात कपडे धड वाळत नाहीत, दमट नाडी दिवसभर तिथे घासते. सैल नायटी घाल. अंघोळीनंतर टाक्यांची जागा मऊ फडक्याने टिपून कोरडी कर. ताप आला, टाके लाल झाले किंवा त्यातून पाणी आलं, एकाच पायाची पोटरी सुजली, तासाभरात पॅड भिजलं किंवा धाप लागली, तर लगेच हॉस्पिटल.

चवथीला तू पाटावर बसणार नाहीस. शेकड्याने नेवऱ्या लाटायच्या म्हणजे दुपारभर पोट दुमडून बसणं, आणि उठताना सगळा ताण टाक्यांवर. हे सासूबाईंना तू सांगायचं नाहीस, तुझ्या नवऱ्याने सांगायचं. तेही आल्यागेल्यासमोर, कारण तुझी बदनामी तिथेच झाली. "हिने सोळा तास कळा दिल्या, मी बाहेर उभा होतो" एवढं वाक्य त्याला पाठ करायला लाव. गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधायला शिडीवर चढतो ना, मग एक नेवरीही लाटेल.

तुला अगदीच करमत नसेल तर खुर्चीवर बस, ताट टेबलावर घे आणि चार-पाच नेवऱ्यांच्या कडा मुरड. मग सरळ निजायला जा. डॉक्टरांकडे जाऊन आलीस की दोन ओळी लिही.

– ताई