पैसे एकीच्या खात्यावर, मतं सगळ्या गावाची

‘ताई, आमचं गाव परंडा तालुक्यात, सीनेच्या काठी. सप्टेंबरच्या पुरात दोन म्हशी आणि सहा शेळ्या गेल्या, सोयाबीन जाग्यावर सडलं. पिकाचे सरकारी पैसे मालकांच्या खात्यावर आले, पण बँकेनं जुन्या कर्जापायी होल्ड लावला. म्हशींच्या पैशाचा अजून पत्ता नाही. आता एका संस्थेनं माझ्या खात्यात तीस हजार टाकलेत, दोन महिन्यांनी आणखी तीस येणार. अट कसलीच नाही, तुम्हाला गरज वाटेल तिथं वापरा म्हणाले. मालक म्हणतात म्हैसच घ्यायची. सासूबाई म्हणतात आधी सावकाराचे वीस हजार फेडा, शेकडा पाचानं चढायलेत. जाऊबाई येता-जाता ऐकवतात, फुकटचा पैसा टिकत नसतो. गावातला एकजण म्हणतो दोन हजार दे, दुसरा हप्ता लवकर काढून देतो. मला रातच्याला झोप नाही. पैसे माझ्या नावावर आलेत, पण ठरवायचा हक्क माझा हाय का? आणि ठरवायचं तर काय?’
— एक भगिनी, जि. धाराशिव

ताई, हक्क तुमचाच आहे. संस्थेने पैसे तुमच्या खात्यात टाकले ते काही चुकून नाही. चूल, लेकरांची शाळा आणि गोठा या तिन्हींचा हिशेब ज्या बाईच्या डोक्यात असतो, तिच्या हातात पैसा द्यायचा हा विचार करूनच ते दिलेले असतात. तरीही निर्णय एकटीने घेऊन घरात धुसफूस वाढवायची नाही. मालक आणि सासूबाई दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, फक्त क्रम चुकतोय. त्याकडे येतेच.

आधी जाऊबाईंचं. असा रोख पैसा दिला की माणसं आळशी होतात, दारूत घालवतात, ही शंका जुनी आहे आणि ती तपासूनही झाली आहे. २०११ मध्ये मध्य प्रदेशात ‘सेवा’ या संघटनेने आठ गावांत प्रत्येक मोठ्या माणसाला महिना २०० आणि लेकराला १०० रुपये विनाअट दिले, पुढे ती रक्कम वाढवली. लोकांनी बियाणं घेतलं, जनावरं घेतली, दुसऱ्याच्या बांधावर जाण्याऐवजी स्वतःच्या रानात जास्त राबले. केनियात तर एकरकमी मोठी रक्कम देऊन पाहिली, तिथेही दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. जाऊबाईंना हे सांगत बसू नका, त्यांनाही पुराने सोडलेलं नसणार. तुम्ही स्वतःला मात्र सांगा.

दोन हजार मागणाऱ्याला एक रुपयाही द्यायचा नाही. हप्ता संस्थेच्या यादीतून निघतो, त्याच्या खिशातून नाही. त्याला आधारचा नंबर, पासबुकाचा फोटो, मोबाइलवर आलेला ओटीपी यातलंही काही देऊ नका.

आता खातं बघा, कारण पैसा अडकतो तो इथेच. तुमचं जनधनचं खातं असेल आणि केवायसी अर्धवट राहिली असेल तर ते ‘लहान खातं’ धरलं जातं. त्यात एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि महिन्याला १० हजारांच्या वर काढता येत नाहीत. पहिल्यातले पैसे पडून असताना दुसरा हप्ता आला की खातं तुंबतं, आणि ऐन खरेदीच्या वेळी दहा हजारांवर हात थांबतो. शाखेत जाऊन आधार, पॅन (नसेल तर त्याऐवजीचा फॉर्म) आणि फोटो देऊन केवायसी पूर्ण करून घ्या. बँक मित्राकडे अंगठ्यावर पैसे काढताना ‘उमटला नाही, परत लावा’ म्हणाला तर आधी पहिल्या वेळची पावती मागा. दोन अंगठे म्हणजे कधी कधी दोन व्यवहार असतात. पावती घ्या आणि आठवड्याने पासबुकावर नोंद छापून पावतीशी ताडून बघा.

मालकांच्या खात्यावरच्या होल्डला गप्प बसू नका. अतिवृष्टीच्या मदतीतून कर्जाची वसुली करायची नाही, असं शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. शाखा व्यवस्थापकाच्या नावे साधा अर्ज करा: खाते क्रमांक, मदत जमा झाल्याची तारीख, रक्कम आणि ‘ही नैसर्गिक आपत्तीची मदत आहे, होल्ड उठवावा’ एवढंच. एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्हा अग्रणी बँकेला (जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचं काम जुळवणारी बँक). तिन्हींवर पोचेचा शिक्का घ्या. तोंडी विनवणीने हे काम होत नाही, शिक्क्याने होतं.

आणि म्हशींचं. ऑक्टोबर २०२५ च्या राज्याच्या पॅकेजमध्ये दुभत्या जनावरामागे ३७,५०० रुपये धरलेत. दोन म्हशींचे ७५ हजार होतात, शेळीमागचे चार-चार हजार वेगळे. वाहून गेलेल्या जनावराचं शवविच्छेदन होऊ शकत नाही, म्हणून सगळा भार पंचनाम्यावर येतो. तलाठी, ग्रामसेवक आणि पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर यांच्या पंचनाम्यात तुमच्या म्हशी आकड्यानिशी आहेत का, ते आधी बघा. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, दूध संकलनाची किंवा खवा भट्टीची वही, जुना फोटो, जे असेल ते जोडा. नाव यादीत असूनही पैसे आले नसतील तर आपले सरकार केंद्रावर यादीतला तुमच्या नावापुढचा विशिष्ट क्रमांक टाकून ई-केवायसी राहिली आहे का ते पाहायला सांगा. मालकांना म्हैस घ्यायची आहे ना? मग ती या पैशातून घ्यायची. त्यांना या कामाला लावा, पाठपुरावा तेच चांगला करतील.

कारण तुमच्या साठ हजारांत म्हैस बसत नाही. खव्याच्या पट्ट्यात म्हशीशिवाय माणसाची गावात पत राहत नाही, हे कळतं. पण हिशेब मांडा. आठ लिटर दूध देणाऱ्या म्हशीला रोज चार-पाच किलो पेंड-भरडा, पाच-सहा किलो कडबा आणि वीसेक किलो ओला चारा लागतो. पेंड ३५ रुपये किलो धरली तर दीडशे-पावणेदोनशे तिथेच गेले. यंदा तुमचा कडबा पाण्यात गेला, म्हणजे तोही विकत. दूध ५० रुपयांनी गेलं तर चारशे येतात आणि हातात शंभर-सव्वाशे उरतात, तेही दुधाच्या दिवसांत. भाकड काळात चार महिने नुसता खर्च. (हे दर तुमच्या गावचे घालून पुन्हा मांडा, चित्र फार बदलणार नाही.) घरात चारा नसताना घेतलेली म्हैस उन्हाळ्यात पाडून मागितलेल्या भावाला विकावी लागते. अनेक घरांत मदतीचा पैसा असाच जातो. उधळपट्टी कुणीच करत नाही. जनावर येतं आणि त्याला जगवायला खिशात काही उरलेलं नसतं.

पश्चिम बंगालमध्ये अत्यंत गरीब बायकांना शेळ्या किंवा गाय देताना सोबत काही महिने दर आठवड्याला थोडा खर्चीचा पैसा दिला होता. दहा वर्षांनंतरही ती घरं इतरांच्या पुढे होती. त्या खर्चीमुळे अडचणीच्या महिन्यात जनावर विकायची वेळ आली नाही. तुम्हाला खर्ची वेगळी मिळणार नाही, म्हणून ती पहिल्या हप्त्यातूनच बाजूला काढायची.

पहिल्या तीस हजारांतले नऊ हजार तीन महिन्यांच्या किराण्याला आणि शाळेला, महिना तीन हजार. सहा हजार चारा आणि गोठ्याला. दहा हजार सावकाराच्या मुद्दलात. पाच हजार खात्यावरच राहू द्यायचे, कुणी मागितले तरी.

सावकाराला आधी का? वीस हजारांवर शेकडा पाच म्हणजे महिन्याला हजार रुपये, वर्षाला बारा हजार. साठ टक्के व्याज वाचवण्याइतका खात्रीचा नफा शेळीतून मिळत नाही, इथे सासूबाई बरोबर आहेत. पण वीसच्या वीस हजार देऊन घर रिकामं केलं तर पुढच्या आजारपणात पुन्हा त्याच्याच दारात जाणार. म्हणून अर्धी मुद्दल, आणि देताना अट घालायची: उरलेल्या दहा हजारांचा दर खाली आण. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि बिनतारणीवर १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. परवाना नसेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, सहकारी संस्थांच्या कार्यालयात, तक्रार होते. लगेच तक्रार करा असं म्हणत नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे, एवढं बोलण्यातून कळू द्या. पैसे दोन माणसांसमोर द्या, ‘मुद्दलापैकी दहा हजार’ असं लिहून सही घ्या. नुसतं ‘पोचले’ लिहिलं तर ते व्याजात धरतील. कोरा चेक किंवा स्टॅम्प दिलेला असेल तर तो कधी परत मिळणार, तेही त्याच कागदावर.

चाऱ्याला जमीन फार लागत नाही. विहिरीला पाणी असेल तर पाच गुंठे मका. बी चारेक किलो पुरतं. एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांनी तीन तुकड्यांत पेरा, म्हणजे एकदम वाढून जरड होणार नाही. साठ-सत्तर दिवसांत कापणीला येतो, तोवर दुसरा हप्ता आलेला असेल. बांधावर शेवरी लावा, शेळीला ती आवडते आणि अंगी लागते. पुरात भिजून बुरशी धरलेला कडबा किंवा सोयाबीनची गुळी (मळणीनंतरचा भुसा) ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून चारू नका. ती बुरशी यकृताला बाधते, गाभण शेळी गाभडू शकते. गोठ्याची जमीन मुरमाने फूट-दीड फूट उचला. शेळीला दहा चौरस फूट आणि करडांची जागा धरून सहा बाय दहाचं छप्पर पुरे.

दुसऱ्या हप्त्यात तीन उस्मानाबादी शेळ्या. एकीला नऊ हजार धरले तर सत्तावीस झाले, उरलेले तीन हजार लस, जंतनाशक आणि विम्याला. पूर्वी सहा होत्या म्हणून आताही सहाच, असं करू नका. बोकड विकत नको, वीस-पंचवीस शेळ्यांना एक पुरतो, तो गावात असतोच.

शक्यतो बाजारातून न घेता ओळखीच्या घरातून घ्या. बाजारात मीठ चारून, पाणी पाजून पोट फुगवतात आणि ‘गाभण आहे’ म्हणतात. तोंड उघडून दात बघा: दोन किंवा चार दाती घ्या, आठ दाती म्हणजे वय होत आलेलं. कास दोन्ही बाजूंनी दाबून बघा, गाठ लागली तर दगडी झालेली असते. डोळ्याची खालची पापणी ओढा. आतून गुलाबी हवी, पांढरट दिसली तर पोटात जंत. शेपटीखाली लेंडी चिकटलेली असेल तर सोडून द्या. दोन-तीन महिन्यांची गाभण मिळाली तर उत्तम, पण डॉक्टरांकडून तपासून.

घरी आणल्यावर पंधरा-वीस दिवस गावच्या कळपात सोडू नका. पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस एकदा दिली की तीन वर्षं पुरते. आंत्रविषाराची दरवर्षी पावसाळ्याआधी, पहिल्या वेळी पंधरा दिवसांनी दुसरी मात्रा. यंदा एक गोष्ट जास्त सांभाळायची: सीनेच्या कडेला पाणी साचून उगवलेलं गवत. तिथल्या गोगलगायींतून यकृतातला चपटा कृमी जनावरात जातो, शेळी खात राहते आणि वाळत जाते, जबड्याखाली पाण्याची पिशवी येते. साध्या जंताच्या औषधाला तो नेहमी दाद देत नाही, डॉक्टरांना ‘पुराच्या रानात चरली’ हे मुद्दाम सांगा. कोवळ्या ज्वारीत शिरू देऊ नका, किराळ (कोवळ्या ज्वारीतलं विष) लागून तासाभरात मरते. अडचण आली तर १९६२ वर फोन केला की पशुवैद्यकीय फिरतं पथक मिळतं.

पैसा कधी दिसेल? शेळी पाच महिन्यांत विते, पंधरा महिन्यांत साधारण दोन वेत होतात, जुळी बऱ्याचदा येतात. पाचातलं एक करडू दगावतं असं धरून चाला. गाभण आणलीत तर पहिला बोकड विकायला आठ-नऊ महिने लागतील. ईदेला भाव चढतो, पण त्यासाठी वर्ष भरलेला बोकड लागतो, सहा महिन्यांचा घाईने काढू नका. पाट (मादी करडू) ठेवा, बोकड विका. पहिल्या दोन बोकडांतून सावकाराची राहिलेली मुद्दल.

विम्याबद्दल दवाखान्यात विचारा. केंद्राच्या पशुधन अभियानात हप्त्यातला आपला वाटा १५ टक्के आहे. कानातला बिल्ला पडला तर त्याच दिवशी कळवून दुसरा मारून घ्या. बिल्ल्याशिवाय दावा मंजूर होत नाही, आणि मेलेलं जनावर पंचनाम्याआधी पुरलं तरी होत नाही.

म्हशीचे सरकारी पैसे आले की मालकांना बाजारात पाठवा, पण एका नजरेत सौदा नको. व्यापारी एक वेळचं दूध न काढता कास तुंबवून आणतो. संध्याकाळ, सकाळ आणि पुन्हा संध्याकाळ अशा तीन धारा समोर काढायला लावा. सकाळ आणि दुसऱ्या संध्याकाळच्या धारेची जी बेरीज येईल, त्यावर भाव करा.