आत ‘सूज’ आहे की ‘दाह’?

पंचवटीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या आप्पांना हार्ट अटॅक आला, मुंबई नाक्याजवळ एका हॉस्पिटलात तातडीने अँजिओप्लास्टी झाली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “आत सूज आहे, सीआरपी वाढलाय.” तेव्हापासून आप्पा सारखे पाय दाबून बघतात. ‘इन्फ्लमेशन’ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

आप्पांचं काही चुकलेलं नाही. मराठीतली सूज डोळ्यांना दिसते, हाताला लागते. गालावर येते, पायावर चढते. त्यात हृदय कमजोर झालं की पायात पाणी साठून खरोखरच सूज येते. डॉक्टर म्हणत होते ते निराळं. रक्त न पोचल्याने हृदयाच्या स्नायूचा जो भाग मरतो, तो साफ करायला पांढऱ्या पेशी धावून येतात आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथली जखम भरून घट्ट वण धरतो. स्टेंट टाकून रक्तवाहिनी उघडली तरी हे काम चालूच राहतं. त्या काळात यकृत सीआरपी हे प्रथिन जास्त बनवतं, म्हणून रिपोर्टमधला आकडा चढतो. हे काम व्हायलाच हवं, पण अति झालं तर शेजारच्या चांगल्या स्नायूलाही झळ लागते.

‘झळ’ हा शब्द आपसूक आला बघा! म्हणून माझा कौल ‘दाह’ला. मूळ लॅटिन शब्दातही पेटवणंच आहे; पण मला दाह पटतो तो त्याच्या क्रियापदामुळे. सूज उतरते, जखम भरते, दाह शमतो. इन्फ्लमेशनसाठीचा ‘शोथ’ हा संस्कृत शब्द ग्रंथांत शोभतो, पण शोथाचं पुढे काय होतं ते घरात कुणाला सांगता येईल? विश्वकोशातल्या नोंदींत ‘दाहयुक्त सूज’ असते. सांध्यांसाठी ती चपखल, इथे मात्र नजर पुन्हा पायांकडेच जाते.

फक्त ‘हृदयस्नायुदाह’ असा समास करू नका, ते वेगळ्या आजाराचं नाव होतं. नुसतं ‘दाह’ म्हटलं तर ॲसिडिटीची जळजळ वाटेल. ‘जखमेचा दाह’ म्हणा.

आणखी एक, फार महत्त्वाचं. ‘सूज’ ऐकून कुणी मेडिकलमधून सुजेची गोळी आणून देतं. डायक्लोफेनॅकसारख्या अशा गोळ्या अटॅकनंतर घातक ठरू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

आप्पांना सांगा, “आतली जखम भरतेय, तिचा दाह अजून शमायचाय.” पाय बघतात ते बघू द्या. तिथे सूज दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.