लिक्विड मशीन रात्रभर चालू असूनही डास मरत नाहीत. डासांना सवय झाली, की औषधातच भेसळ असते?

'भेसळ' शब्द वाचला आणि राहवलं नाही. मी हिवताप विभागात २८ वर्षं कीटक समाहारक होतो. पहाटे टॉर्च आणि शोषनळी घेऊन विदर्भातल्या गोठ्यांतून डास पकडायचे, हे माझं काम.

आधी 'सवय'. एकाच डासाला विष पचवायची सवय लागत नाही. ज्यांचं जनुक जन्मतःच वेगळं असतं ते वाचतात, बाकीचे मरतात, आणि पुढची पिल्लावळ वाचलेल्यांची. पावसाळ्यात अंड्याचा डास व्हायला १०-१२ दिवस पुरतात. मग काय वेळ लागणार?

एका वर्षी एका गावात डेल्टामेथ्रिन या पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाची फवारणी झाली, तरी महिन्याभरात तापाचे रुग्ण निघाले. ग्रामसभेत सरपंचांनी आमच्या दोन फवारणी मजुरांना उभं केलं. म्हणाले, "औषध विकलं आणि पंपात पाणी भरलं." आमच्या साहेबांनी तिथल्या तिथे दोघांची ११ दिवसांची मजुरी रोखली. ती पोरं रडत होती. फवारणीच्या वेळी मी तिथेच होतो, औषध माझ्यासमोर कालवलं होतं.

पुढचे चार दिवस पहाटे त्याच गावातले गोठे पालथे घातले. हिवताप पसरवणाऱ्या अॅनॉफिलीस क्युलिसिफेसीस डासाच्या माद्या, एकेका नळीत २५, अशा चार नळ्या. आत ०.०५ टक्के डेल्टामेथ्रिनचा सीलबंद आलेला कागद, म्हणजे मजुरांचा हात लागण्याचा प्रश्नच नाही. शिवाय बिनऔषधाच्या दोन नळ्या. एक तास कागदाशी ठेवायचं आणि २४ तासांनी मोजायचं. ९८ टक्के किंवा जास्त मेले तर औषध लागू, ९० च्या खाली तर प्रतिकार आहे. माझ्या १०० पैकी ३७ जिवंत होत्या. रजिस्टर घेऊन साहेबांकडे गेलो तर म्हणाले, "गाव शांत झालं ना? मग राहू दे." मजुरी मिळाली नाही.

आता आत काय होतं ते. पायरेथ्रॉइड डासाच्या मज्जातंतूतल्या सोडियमच्या दाराला चिकटतं, दार मिटत नाही, डास तडफडून पडतो. त्या दाराच्या जनुकात एक अक्षर बदललं, टीटीएचं टीटीटी झालं, की दाराच्या प्रथिनात १०१४ व्या जागी ल्युसीन या अमिनो आम्लाऐवजी फेनिलअॅलनीन येतं आणि औषधाची पकड सुटते. याला केडीआर (नॉकडाउन रेझिस्टन्स) म्हणतात. डीडीटीही त्याच दाराला धरतं. आपल्याकडे १९५३ पासून देशभर डीडीटी मारलं, वर कापसावर पायरेथ्रॉइड. म्हणजे निवड आपणच करत होतो. दुसरी वाट पचवण्याची: पी४५० गटाची विकरं (एन्झाइम) जास्त बनतात आणि विष मज्जातंतूपर्यंत पोचण्याआधीच मोडतात. घरात चावणाऱ्या क्युलेक्स डासांमध्ये तर एस्टरेज या विकराच्या जनुकाच्या प्रतीच वाढलेल्या सापडतात, मग मॅलेथिऑनच्या गटातली औषधं निकामी होतात.

तुमच्या मशीनमध्ये बहुधा ट्रान्सफ्लुथ्रिन असेल, तेही पायरेथ्रॉइडच. ब्रँड बदलून गट बदलत नाही, आणि खोलीत दोन मशीन लावू नका. मच्छरदाणी लावा, संडासच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा.

हेही सांगतो की भेसळ कुठेच होत नाही असं नाही. लोक फवारलेल्या भिंती सणाला सारवून टाकतात, देवघरात फवारू देत नाहीत, त्यानेही फवारणी फुकट जाते. माझ्या नळ्यांनी डास जगले एवढंच सिद्ध केलं. कोणत्या जनुकामुळे, ते पीसीआर या जनुक-तपासणीशिवाय कळत नाही.

पण तुमच्या गावी फवारणीनंतर ताप आला आणि कुणी मजुरांकडे बोट दाखवलं, तर ग्रामसभेत उभं राहून विचारा: इथल्या डासांची नळीचाचणी शेवटची कधी झाली आणि शंभरात किती मेले? रजिस्टर मागा. आमच्या वेळी ते कुणीच मागितलं नाही.