संभाजीनगरात दोन वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा, दोघांनाही मजा येईल असा दिवस कसा काढावा?
सकाळी मोठ्याचं एक ठिकाण आणि संध्याकाळी धाकटीचं, बस दोनच, तिसरं घुसवलं की रडारड पक्की. आमच्याकडं अशीच जोडी आहे म्हणून सांगतोय. सकाळी लवकर वेरूळ गाठा, साधारण ३० किमी आहे, फक्त १६ नंबरचं कैलास लेणं करा, मोठ्याला एवढंच सांगायचं की हे वरून खाली कोरत आणलंय, मग तो आपला हत्ती शोधत फिरतो. १५ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. धाकटी कडेवरच, बाबागाडीचा तिथं उपयोग नाही. दुपारी घरी झोप, संध्याकाळी सिद्धार्थ उद्यान. मंगळवारी मात्र वेरूळ बंद असतं. वाटेत दौलताबादचा किल्ला दिसेल, मोठा हट्ट करेल, पण ती चढण आणि तिथली अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, लेकराला घेऊन होत नाही.