नाकातला लिम्फोमा: वाचकांचे प्रश्न

दोन महिने एकच नाकपुडी बंद आहे, खपल्या आणि रक्त येतं. सायनस असेल का?

असेलही. पण एकाच बाजूचं, औषधाला न जुमानणारं दुखणं कान-नाक-घसा तज्ज्ञाला दुर्बिणीतून दाखवा, याच आठवड्यात.

बायोप्सीत फक्त 'नेक्रोसिस' (मृत पेशी) आलं. म्हणजे कॅन्सर नाही ना?

असा अर्थ काढू नका! नाकातला हा एनके/टी-सेल लिम्फोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा एक कॅन्सर) रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरून त्या बंद पाडतो, म्हणून भोवतालचा भाग मरतो. वरची काळी खपलीच लॅबला गेली, तर रिपोर्टात मृत पेशींशिवाय दुसरं काय येणार? खपली बाजूला करून, जखमेच्या कडेच्या जिवंत भागातून खोल आणि बरेच तुकडे घ्यावे लागतात. काही फॉर्मॅलिनमध्ये, काही ताजे, बुरशी आणि क्षयाच्या कल्चरसाठी. लिम्फोमाची शंका फॉर्मवर लिहिलेली हवी, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट सीडी३, सीडी५६, ग्रॅन्झाइम बी आणि एबर (पेशींत एपस्टाइन-बार विषाणू शोधणारी) या तपासण्या लावतील. बायोप्सीआधी 'सूज उतरावी म्हणून' स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या, तर गाठ तात्पुरती ओसरते, निदान हुकतं आणि मोलाचे आठवडे जातात. आधीच घेतल्या असतील तर डॉक्टरांना सांगा, मनाने अचानक बंद करू नका. शंका कायम असेल तर बायोप्सी पुन्हा करावी लागते. त्याबद्दल स्पष्ट विचारा.

यात एपस्टाइन-बार विषाणू असतो म्हणे. घरच्यांना लागण होईल?

कॅन्सरची नाही. हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतोच.

रक्ताच्या 'कॅन्सर पॅकेज'मधून कळेल?

नाही. पैसे वाचवा. निदान झाल्यावर रक्तातल्या याच विषाणूच्या डीएनएचं प्रमाण उपचारांचा परिणाम पाहायला कामी येतं, पण ते बायोप्सीची जागा घेत नाही.

ओळखीतले एकजण 'चॉप' केमोने बरे झाले. तीच घेऊ?

त्यांचा लिम्फोमा बहुधा वेगळा असेल. एनके/टी-सेल लिम्फोमाच्या पेशी चॉप या केमोच्या मिश्रणातलं डॉक्सोरुबिसिन बाहेर फेकतात, म्हणून इथे अ‍ॅस्परॅजिनेज हे औषध असलेली केमो वापरतात. आजार नाकापुरता असेल तर रेडिएशन हवंच, साधारण ५० ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) किंवा थोडं जास्त, आणि ते लांबवू नये. आजार कुठवर पसरलाय हे आधी पेट-सीटी स्कॅनने ठरतं. अ‍ॅस्परॅजिनेजने अ‍ॅलर्जी, स्वादुपिंडाला सूज, रक्त गोठण्यात बिघाड होऊ शकतो. पोटात जोरात दुखलं तर अ‍ॅसिडिटी समजून घरी थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. कोणती केमो आणि रेडिएशन कधी, हे लिम्फोमा पाहणाऱ्या ऑन्कॉलॉजिस्टशी बोलूनच ठरवा.