कोडे सुटले की सोडवले? प्राण्यांच्या बुद्धीसाठी मराठी शब्द

नागपूरच्या एका विज्ञान-शिक्षिका शाळेच्या प्रदर्शनासाठी प्राण्यांच्या बुद्धीवर फलक तयार करीत आहेत. त्यासाठी ‘प्राण्यांमधील समस्या-निवारण क्षमता’ असा मथळा सुचवण्यात आला आहे. तो त्यांना खटकतो. योग्य शब्द कोणता, आणि ‘बुद्धी’ व ‘बुद्धिमत्ता’ यांपैकी कोणता घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

त्यांचे खटकणे रास्त आहे. निवारण म्हणजे दूर सारणे. तक्रारीचे, रोगाचे, संकटाचे निवारण होते आणि सरकारी पाट्यांवर हा शब्द शोभतोही. परंतु उन्हाळ्यात पाखरांसाठी गच्चीवर ठेवलेल्या पाण्यात कावळा शिळ्या पोळीचा कडक तुकडा भिजवून मऊ करतो, तेव्हा तो कशाचेही निवारण करीत नसतो. तिथे ‘अडचणीतून वाट काढणे’ किंवा ‘कोडे सोडवणे’ हे साधे मराठी अधिक नेमके आहे.

मात्र ‘सोडवणे’ हे क्रियापदही जपून वापरावे लागते, कारण मराठीत कोडे ‘सुटते’ आणि कोडे ‘सोडवले’ जाते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1898 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भुकेल्या मांजरांना लाकडी पट्ट्यांच्या पेट्यांत कोंडले होते. दोरीचा फास ओढला किंवा पायाखालची फळी दाबली की दार उघडे आणि बाहेर ठेवलेले खाणे मिळे. मांजर ओरबाडे, चावे, धडपडे आणि त्या धडपडीत कधीतरी दार उघडे. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर लागणारा वेळ कमी होत गेला, पण तो हळूहळू, चढउतार होत कमी झाला. मर्म एकदम कळले असते तर तो एकाएकी घसरायला हवा होता, असा थॉर्नडाइक यांचा युक्तिवाद होता. आपल्या पाठ्यपुस्तकांत या शिकण्याला ‘प्रयत्न-प्रमाद’ म्हणतात. पहिल्या दिवशीच्या त्या मांजराबद्दल ‘मांजर सुटले’ एवढेच म्हणावे. ‘मांजराने कोडे सोडवले’ असे लिहिले, तर प्रयोगात जे दिसले नाही ते आपण व्याकरणाच्या आडून त्याच्या पदरात घालतो.

‘युक्ती’ हा शब्द मला या विषयासाठी सर्वांत आवडतो. तो ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूपासून आला आहे, आणि या क्षेत्रातल्या एका प्रसिद्ध प्रयोगात तर शब्दशः जोडणीच घडली. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्पेनच्या टेनेरीफ बेटावर जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोलर चिंपांझींचा अभ्यास करीत होते. त्यांच्याकडील सुल्तान नावाच्या चिंपांझीला गजांबाहेरचे केळे ओढून घ्यायचे होते, पण जवळच्या दोन्ही पोकळ काठ्या आखूड पडत होत्या. बऱ्याच खटपटीनंतर त्याने नाद सोडला, काठ्यांशी नुसता खेळत बसला, आणि खेळता खेळता त्या एका रेषेत येताच बारीक काठी जाडीच्या पोकळीत खुपसून लगेच गजांकडे धावला. जोडणी योगायोगाने हाती लागली असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. पण तिचा उपयोग त्याला तत्क्षणी उमगला, हे महत्त्वाचे. या उमगण्याला मराठी मानसशास्त्रात ‘मर्मदृष्टी’ हा चांगला शब्द रुळला आहे. फलकावर मात्र ‘सुल्तानला युक्ती सुचली’ असे लिहिले, तर पाचवीतल्या मुलालाही शब्दकोश लागणार नाही.

युक्ती आणि उपजत वर्तन यांची सीमा नेहमीच स्वच्छ असते असे नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातील प्रयोगांत बेटी या न्यू कॅलेडोनियन (प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या जातीच्या) कावळीने सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीतली खाण्याची छोटी बादली वर काढली, हे 2002 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तिच्या प्रतिभेचे मोठे कौतुक झाले. पुढे 2016 मध्ये असे नोंदवले गेले, की त्या जातीचे रानातले कावळेही हत्यार करताना डहाळ्या वाकवतात. म्हणजे वाकवण्याची हातोटी तिच्या जातीतच होती. तिचे श्रेय त्यामुळे पुसले जात नसले, तरी ‘तिने शोध लावला’ हे वाक्य आता बेताने वापरावे.

जवळचे उदाहरण हवे असेल, तर नागपूरहून सिवनीकडे जाणाऱ्या महामार्गावर पेंचच्या जंगलात उन्नत रस्त्याखाली प्राण्यांसाठी वाटा ठेवल्या आहेत, आणि तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्रे, चितळ टिपले गेले आहेत. यावरून ‘वाघ शहाणे झाले’ असे लिहिण्याचा मोह होतो. तिथे ‘सरावले’ हा शब्द पुरेसा आहे.

आता राहिला दुसरा प्रश्न. ‘बुद्धिमत्ता’ म्हटले की बुद्ध्यांक, कसोटी आणि गुण मनात येतात. कमी-जास्त मोजण्याचा संदर्भ असेल तिथे तो शब्द ठीक. ‘बुद्धी’ अधिक मोकळी आहे. ‘त्याला तशी बुद्धी झाली’ असे आपण नुसत्या इच्छेबद्दलही म्हणतो, त्यामुळे तो शब्द प्राण्यांना लावल्याने अतिशयोक्ती होत नाही. ‘हुशारी’ चालेल, पण नागपुरात ‘जास्त हुशारी करू नको’ हे वाक्य इतके कानावर पडते, की फलक वाचून मुले हसण्याची शक्यता आहे. ‘पशुबुद्धी’ मात्र नको, कारण मराठीत पशूचा उल्लेख झाला की ‘पाशवी’ची छाया पडतेच. मी मथळा ‘प्राण्यांची बुद्धी आणि युक्ती’ असा ठेवीन, आणि खाली प्रत्येक प्राण्यासमोर त्याने काय केले ते त्या-त्या क्रियापदानेच लिहीन: मांजर सुटले, सुल्तानने काठ्या जोडल्या, बेटीने तार वाकवली, वाघ सरावले.